मास्तर आता माझाच

२ मार्च, सकाळी ७
बायको घर सोडून गेली त्याला सव्वा महिना झाला. मागे राहिलो मी आणि तिचा इग्वाना, मास्तर. शेपटीसकट पाच फुटांचा सरडा. १६ला त्याला न्यायला येते म्हणालीय. तोवर मास्तर माझा झाला तर नेणार कशी? राहावंच लागेल तिला. प्लॅन सोपा आहे.

४ मार्च
हातातून जास्वंद खाल्ली. बोटासकट. तीन टाके. विश्वास असल्याशिवाय कोण इतकं जवळ येतं?

५ मार्च
विचारलं, ती राहील ना? मास्तरने मान डोलावली. तीनदा, जोरात.

७ मार्च
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान हलवतो म्हणजे दम देतोय, माझ्या जागेतून चालते व्हा म्हणतोय. आणि हात लावल्यावर डोळे मिटतो ते? म्हणाल्या, तुम्ही दिसू नये म्हणून. पुस्तकी ज्ञान. मी बोलायला लागलो की बायकोही असेच डोळे मिटायची. शांत वाटायचं तिला.

९ मार्च
नेटवर युक्ती सापडली. अंगातला कपडा पिंजऱ्यात ठेवायचा, म्हणजे वासाची ओळख होते. काळा टी-शर्ट काढून त्याच्या उबेच्या दिव्याखाली ठेवला. संध्याकाळी बघतो तर मास्तर त्यावर पोट टेकून पसरलेला. रडलो. जरासंच.

१२ मार्च
शेपटीचा फटका, कानाखाली. लाडात. आईचा फोन. म्हणे, त्या पालीशी कसला संसार करतोस, बायकोला एक फोन कर. उद्या करतो.

१३ मार्च
फोन उद्या. आज मास्तरला माझी गरज आहे.

१५ मार्च
दोन कप घासून ठेवले. मास्तरला समजावलं, उद्या ती आली की माझ्याकडे यायचं. मान डोलावली. ठरलं.

१६ मार्च, दुपारी ३
आली. चप्पल काढली नाही. नुसतं ये रे म्हणाली, तर मास्तर तिच्या हातावरून थेट खांद्यावर. डोळे सताड उघडे. मग तिला टी-शर्ट दिसला. म्हणाली, माझा इथे आहे होय, किती शोधला. काळे सगळे सारखेच दिसतात, म्हणालो. ती गेल्यापासून रोज तोच घालत होतो, हे नाही सांगितलं. वाटेत घाबरू नये म्हणून तिने मास्तरला त्यातच गुंडाळला.
दारात तिने विचारलं, काही बोलायचंय का.
मी बोलायला लागलो. तिने डोळे मिटले.
थांबलो.
पिंजऱ्यातला दिवा चालूच राहिलाय. उद्या बंद करतो.