सासूबाई, मी आणि सहाशे शिलिंगांची खुर्ची

नैरोबी, रविवार, चर्चहून आल्यावर

वडीलधारे अमुगुने मामा,

भाचा किसिया तुमचा हात दोन्ही हातांत घेऊन विचारतो की गुडघा कसा आहे, मामींचा खोकला गेला का, आणि यंदा कारखाना चहाच्या पानाला बरा भाव देतोय का. इकडे आम्ही मजेत. बाळ दूध पितं, झोपतं आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे संशयाने बघतं (नजर थेट आजीची). त्या आजीबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल, बाजारातून काहीतरी तुमच्या कानावर आलंच असेल. त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते सांगायला हे पत्र.

सासूबाईंचा मोतीबिंदू इथे काढला. जावयाच्या घरी सासूने झोपायचं नाही, म्हणून त्या बहिणीकडे राहिल्या आणि नातवाला बघायला रोज दुपारी येत (मी तेवढा वेळ न्हाव्याकडे बसायचो, आता कापायला केस उरले नाहीत). परत जाताना बसचे आठ तासांचे धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं. तुमची सूनबाई कागोन्या बाळंतीण, म्हणजे पोचवायला मीच. ती एवढंच म्हणाली, "आई हसत घरी पोचली पाहिजे. नाहीतर तुम्ही परत यायची घाई करू नका."

नेमकी त्याच आठवड्यात थिका रोडवर पाटी दिसली: किसुमू फक्त १,४९९ शिलिंग, सत्तर टक्के सूट. बसच्या भाड्यात विमान! आकड्याशेजारी एक बारीक चांदणी होती. मला वाटलं, विमानवाले आहेत, चांदण्या काढणारच. मामा, त्या चांदणीने माझं दिवाळं काढलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे भाडं मंगळवारचं, कर सोडून, सामान सोडून. सूट ज्या भाड्यावर होती ते भाडं आजवर कोणी भरल्याचं कोणाला आठवत नाही. फोनवरून पैसे भरले म्हणून सोय-शुल्क (सोय त्यांची, शुल्क माझं). बोर्डिंग पास छापून हवा तर तीनशे. सासूबाईंनी चर्चच्या महिला मंडळासाठी चाळीस माणसांची उगाली शिजेल असं पातेलं घेतलं होतं, त्याचं भाडं तर माझ्या भाड्याहून जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! सगळ्यात शेवटी 'खुर्ची निवडा, माणशी सहाशे' असं आलं, तेव्हा मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. उभं थोडंच नेणार आहेत? मी 'नको' दाबलं. ज्याला सासू नाही त्यानेच दाबावं असं ते बटण होतं, हे मला विमानात शिरल्यावर कळलं.

अठराव्या रांगेत खिडकीशी एक आडदांड गृहस्थ, मध्ये मी आणि कडेला सासूबाई. मांडीला मांडी लागेल एवढी जागा. लग्नाआधी तुम्हीच मला पढवलं होतं ना, की सासू-जावयांनी एका बाकावर बसू नये, हातात हात देऊ नये, ती वाटेत समोरून आली तर सरळ चहाच्या झुडपात शिरावं? विमानात झुडूप नसतं, मामा. मी गृहस्थांना विनवलं, की तुम्ही मध्ये या. ते म्हणाले, खिडकीचे सहाशे मोजलेत, मधल्या खुर्चीचं ऐकवू नका. हवाई सुंदरी म्हणाली, खुर्ची बदलायला आठशे, तेही फक्त कार्डाने. आपले पैसे फोनमध्ये आणि फोन तर तिनेच बंद करायला लावलेला. शेवटी मी त्या गृहस्थांच्या कुशीत इतका शिरलो की त्यांनी माझं लग्न झालंय का, ते विचारलं. सासूबाई तोंडावर लेसू घेऊन (ती रंगीत चादर, मामींकडे आहे तशीच) माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. आता ही बाई माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही आणि कागोन्या मला ठेवणार नाही.

नांदीच्या डोंगरांवर विमान असं आपटायला लागलं, की कुणीतरी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात येऊन घट्ट बसला. मी घाबरून सोडवायला गेलो (विमानाला नाही, रीतीला घाबरून). लेसूच्या आतून आवाज आला, "राहू द्या, जावईबापू. रीत घालून दिली तेव्हा आपली माणसं जमिनीवर होती." मग मीही धरला. किसुमूला चाकं टेकली तेव्हा त्यांनी हात सोडला, लेसू सावरला आणि पुन्हा माझ्याकडे पाठ करून बसल्या. पण खांदे हलत होते, मामा. त्या हसत होत्या. घरी पोचेपर्यंत हसत होत्या. माझी आई गेल्यापासून माझा हात असा कोणी धरला नव्हता, हे तुम्हाला नाही लिहायचं तर कोणाला?

मामींना, वासराला आणि भांडकुदळ कोंबड्यालाही माझी आठवण सांगा.

तुमचा
किसिया

ता.क. आता खरं काम. सासऱ्यांच्या भावकीने गुरुवारी बैठक बोलावली आहे, 'जावयाने सासूचा हात धरला' म्हणून. तिथे तुमचा शब्द चालतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं की रीत जमिनीपुरती आहे. दंडाचा बोकड मी देतो, पण त्याला विमानाने आणणार नाही.

ता.क. दुसरं. बैठक जरा लवकर उरका. बाळाच्या जावळाला सासूबाई इकडे यायच्या आहेत. आणायला मीच जाणार, त्यांचा तसा निरोप आहे. तिकिटं काढली (पुन्हा १,४९९ची पाटी होती, काय करू!). शेवटी 'खुर्ची निवडा' आलं. या वेळी मी माणशी सहाशे मुकाट्याने भरले आणि दोन खुर्च्या शेजारी-शेजारी घेतल्या.