शकूच्या नावाची बोट

हिंगोली

प्रिय शकू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला नाटकी वाटतं. पण काल पुण्याहून आपल्या रोइंग क्लबच्या सचिवांचा फोन आला आणि माझं डोकं असं फिरलं, की ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

क्लब नवी बोट पाण्यात उतरवतोय. आपली रीत आठवते ना? नव्या बोटीला क्लबच्या गेलेल्या खेळाडूचं नाव द्यायचं, टोकावर नारळ फोडायचा आणि मगच पहिलं वल्हं मारायचं. आजवरच्या सगळ्या बोटी पुरुषांच्या नावाच्या! म्हणून तुझ्या बोटीतल्या आम्ही चौघींनी तुझं नाव सुचवलं. त्यावर सचिव काय म्हणाले, ऐक.

"मॅडम, शकुंतलाबाई सुकाणू धरणाऱ्या, कॉक्स होत्या. त्यांनी शर्यतीत वल्हं कुठे मारलं? त्या तर नुसत्या बसायच्या."

नुसत्या बसायच्या! मी म्हटलं, "तुम्हीही खुर्चीत बसूनच असता. तिच्यासारखं सुकाणू तरी धरता का?"

"रागावू नका, विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक बोट उतरल्यानंतर आहे. हे मला कळत नाही असं वाटलं का त्यांना?

अगं, वल्हवणाऱ्या आम्ही चौघी बोटीत उलट्या बसायचो. शर्यत जिथे संपायची ती जागा आमच्या पाठीमागे! आम्हाला दिसायचीस फक्त तू, आणि नदी दिसायची फक्त तुला. वळायचं कुठे, पुलाच्या कोणत्या खांबांमधून घुसायचं, शेवटचा जोर कधी लावायचा, सगळं तू ठरवायचीस. याला बसणं म्हणतात?

क्लबात हुकूम इंग्रजीत सुटायचे. मी कॉन्व्हेंटची, मला ते आवडायचेही. तू मात्र इकडची, हिंगोलीजवळच्या तुझ्या सिद्धेश्वर गावची बोली घेऊन बोटीत बसलीस. "मागं काहून पाहून राहिल्या गं? मी हाय ना पाह्यला! ओढा!" पुण्याच्या मुली हसायच्या आणि हसत हसत ओढायच्या. आज तिथली मुलं शेवटच्या टप्प्यात "मी हाय ना, ओढा!" असं ओरडतात, आणि पाहुण्यांना सांगितलं जातं, ही क्लबची जुनी परंपरा. परंपरा काय नदीतून वाहत आली?

आणि ती दुसरी रीत! जिंकलेल्या बोटीने आपल्या कॉक्सला पाण्यात फेकायचं. आपण जिंकलो तेव्हा ज्येष्ठ सभासदांनी तोंडं वाकडी केली. मुलीला पाण्यात फेकणं शोभत नाही म्हणे. मुलींची शर्यत पाहुणे जेवायला बसल्यावर उरकायची, ते शोभायचं! आम्ही घुटमळलो. तू धक्क्यावर उभी राहून म्हणालीस, "फेकता, का मीच उडी मारू?" आणि मारलीसच. पाहुणे उष्ट्या हातांनी काठावर धावले. मुलींची बोट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

पण शकू, तुझाही मला राग आहे. लग्नानंतर सिद्धेश्वरलाच राहिलीस. दारात एवढं धरण, एवढं पाणी, आणि घरात तू एका शब्दाने बोलली नाहीस! तुझ्या तेराव्याला तुझी सून मला विचारत होती, "मावशी, आई पुण्याला पाण्यात काय करायच्या वो? कधी सांगितलंच न्हाई त्यांनी."

का नाही सांगितलंस? मी विषय काढला की म्हणायचीस, "जाऊ दे वं, लोक हसतेत." हसू द्यायचं होतं! तू गप्प राहिलीस, म्हणून आज ते बोलून राहिले.

तेव्हा आता माझा शब्द ऐक. बोट उतरवायच्या दिवशी आम्ही चौघी पुण्यात असू. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला बीपी आहे, तरी येणार. नारळ फुटायच्या आधी आम्ही त्या बोटीत बसू, वल्ही हातात घेऊ आणि कॉक्सची जागा मोकळी ठेवू. सुकाणूवर कुणी नसलं तरी चालतं, असं त्यांचंच म्हणणं आहे ना? मग आम्ही पूर्ण जोर लावू आणि एकदाही वळून पाहणार नाही. कार्यकारिणीचा मंडप अगदी पाण्याला लागून असतो. बोट त्यांच्या अंगावर यायला लागली की कॉक्स कुठे आहे, असं तेच ओरडतील.

तेव्हा तुझं नाव आम्ही सांगू. वल्ही न थांबवता.

तुझी,
बोटीत तुझ्यासमोर बसणारी,
लीला