सूपभर जोंधळ्याचा नातू

मेढा, ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, सांगलीची खुशाली कळव.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर बोललेलं कोर्टात टिकत नाही असं ऐकून आहे, आणि हे प्रकरण कोर्टात जाणार. लेक वकील असताना बाहेर कशाला हात पसरायचे? बयाबाईला नोटीस काढायची आहे.

बयाबाई तुला आठवत असेल. कवठे महांकाळकडची मेंढकी, दिवाळीनंतर दरवर्षी आपल्या वरच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला येते. तुझ्या दादाची, विश्वजीतची, पहिली दोन बाळं हाताला लागली नाहीत, म्हणून वीरधवल झाला तेव्हा तुझ्या आईनं त्याला सुपात घालून तिला विकला, सूपभर जोंधळ्याला. पोर दुसऱ्याचं म्हटलं की वाईट नजर तिकडे वळत नाही, अशी आपली रीत. पाचव्या वर्षी ते परत विकत घ्यायचं असतं. ते राहून गेलं, आणि पोरगं दहाचं झालं.

तर परवा निवासी सैनिकी अकादमीचे साहेब घरी आले. जूनपासून वीरधवलला तिथे ठेवायचं मी ठरवलंय. साहेबांनी विचारलं, पालक कोण? ओसरीवर चहा पीत बसलेल्या बयाबाईनं हात वर केला. म्हणाली, पोरगं माझं हाय, मी इकत घेतलंय, हितं नुसतं सांभाळाय ठेवलंय, आन् सांभाळ नीट हुईना झालाय. साहेब बशीतली बिस्किटं तशीच टाकून गेले.

तिचं म्हणणं, मी पोराला छळतो. पहाटे पाचला पळवतो, गार पाण्यानं आंघोळ घालतो, गणित चुकलं की उन्हात उभा करतो. यात छळ कुठे आला? तुला असंच वाढवलं, आणि तू वकील झालीस. कायद्यात छळ कशाला म्हणतात ते नीट लिहून पाठव. आपण त्यात बसत नाही हे मी तिला वाचून दाखवतो.

लोभ आहेच, तो नोटिशीइतक्याच तातडीनं पाठवावा.
तुझे बाबा,
सुभेदार (निवृत्त) मानसिंग

*

सांगली, १३ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी ऑफिसचं दार लावून घेतलं. फोनवरचं टिकतं की नाही ते सोडा, स्वतःच्या सहीचं पत्र मात्र फार छान टिकतं. मूल विकणं हा गुन्हा आहे. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत आत बसवतात. तुमच्या सुपाकडे कुठलं कोर्ट एवढ्या गांभीर्यानं बघेल असं नाही, पण तुम्हीच ते नोटिशीत लिहायला निघालात. तशी नोटीस काढली तर पहिली आरोपी आई. तिला विचारून बघा.

आता व्याख्या. अठराच्या आतलं ते मूल. ते ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारलं, टाकून दिलं, छळलं किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, आणि त्यातून मुलाच्या शरीराला किंवा मनाला विनाकारण त्रास होण्यासारखा असला, तर तो क्रूरपणा. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आई असो, मास्तर असो, आजोबा असोत. म्हणजे या व्याख्येत बयाबाई सुटली आणि तुम्ही अडकलात. तिलाही सांगा, शाळा बुडवून त्याला मेंढरांमागं नेलं तर तीही हेळसांडच.

दादा आणि प्रांजलवहिनी शिरवळला कंपनीत पाळ्या करतात आणि रविवारचे येतात, त्यांचं यावर काय मत? आणि वीरधवलचं? तुमच्या दोन पानांत तो एकदाही बोललेला नाही.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.
आपली,
संयोगिता

*

मेढा, १८ डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मी प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवतो. तीही पुराव्यात येते का ते कळव.

तुझी व्याख्या ओसरीवर मोठ्यानं वाचली, ही चूकच झाली. सगळी आळी आपापल्या लहानपणीच्या तक्रारी घेऊन आली. कृष्णात अण्णा ऐंशीच्या पुढचे, ते विचारतात की वडिलांवर केस घालता येईल का. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली. मुदत गेली म्हटलं तर रुसून बसले. तुझ्या आईनं तर सरळ बयाबाईच्या शेजारी जाऊन बैठक मारली.

माझा आक्षेप 'विनाकारण' या शब्दाला आहे. आमच्या पलटणीत विनाकारण त्रास ही चीजच नव्हती. वरून हुकूम आला, हेच कारण. विश्वजीतचं मत विचारतेस, तर तो म्हणतो बाबा म्हणतील तसं.

आणि वीरधवल काय म्हणतो? तो हल्ली बोलतच नाही, तेव्हा तक्रारीचा प्रश्न येत नाही. तक्रार असली तर माझी आहे. एवढा घोडा झाला तरी दोन महिने अंथरूण ओलं करतोय. ती चादर मी रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालतो आणि शाळेची पोरं जायच्या वेळेला त्याला तिच्याखाली सॅल्यूट ठोकून उभा करतो. लाज वाटली की सवय मोडते. पोरं हसतात, आधी तोही हसायचा. आता रात्री उठून बयाबाईच्या मेंढरांत जाऊन निजतो. मेंढरांना काय, ओलं आणि कोरडं सारखंच. तूही हसशील म्हणून लिहिलं.

लोभ राहू दे, वाद चालू दे.
सुभेदार (निवृत्त) मानसिंग

*

सांगली, २१ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी हसले नाही. तुम्ही पळणं आणि गार पाणी यांवर भांडत बसलात आणि खरी गोष्ट शेवटी गंमत म्हणून लिहिलीत. कायद्यात मनाचा त्रास असं म्हटलंय ना, ते या चादरीसाठी म्हटलंय. दहा वर्षांचा मुलगा अंथरूण ओलं करतो तेव्हा तो आजारी असतो, नाहीतर घाबरलेला असतो. आणि तो माणसांतून उठून मेंढरांत निजायला जातो, बाबा.

तुमचा त्याच्यावर जीव आहे हे मला ठाऊक आहे. पण कायदा तुमचा जीव किती ते बघत नाही, त्याचा जीव कसा आहे ते बघतो. तुम्ही लिहिलंत की तुलाही असंच वाढवलं. मीही तुम्हाला फार भ्यायचे. वकील झाले ती त्यामुळे नाही.

चादर आजच काढा. दादा-वहिनीशी बोलले आहे, ते रजा काढून त्याला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेतील. बयाबाईकडून त्याला रीतीनं परत घ्या, पण त्याला विचारून. नाहीतर मी बयाबाईचं वकीलपत्र घेईन, आणि सुपासकट कोर्टात उभी राहीन.

रागानं लिहिलंय, मायेनं वाचावं.
आपली,
संयोगिता

*

मेढा, ३० डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दुपारी चादर काढली. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही, पोर धास्तावलंय. ते कोणाला धास्तावलंय हे त्यांनी विचारलं तेव्हा विश्वजीत आणि प्रांजल दोघंही खाली बघत बसले म्हणे.

काल पोर परत घ्यायचा विधी झाला. बयाबाईनं जोंधळा चिमटीत धरून पाहिला, दाताखाली फोडला आणि खडे काढले. म्हणाली, आमचा जोंधळा ह्यापरीस भारी हुता. दुसरं पोतं फोडलं. मग म्हणाली, अकादमीतनं पोराचं नाव काढा. काढलं. मला वाटलं, मिटलं. तर ती म्हणाली, आता ज्येचा सौदा त्येला इचारा की.

वीरधवल आजीकडं बघत म्हणाला की परत घ्या, पण बयाआजीनं दरवर्षी यायचं. रीतीप्रमाणे त्याला सुपात बसवावं लागतं. दहा वर्षांचं पोर जोंधळ्याच्या भरल्या सुपात बसलं आणि सुपाचा तळ गेला. जोंधळा अंगणभर झाला आणि मेंढरं धावली. सौदा मेंढरांनी खाल्ला, तेव्हा पोर नक्की कोणाचं यावर कृष्णात अण्णा अजून वाद घालताहेत. वीरधवल मात्र पोट धरून हसला.

संध्याकाळी तो माझ्याजवळ आला. म्हणाला, आत्याचा कायदा आजोबांना पण लागतो का? मी म्हटलं, लागतो. मग पोरानं कोणाला सांगायचं? म्हटलं, आत्याला सांगायचं, नाहीतर मुलांच्या मदतीचा नंबर आहे, १०९८, त्याला फोन करायचा. मग त्यानं विचारलं, सांगितलं तर तुम्हाला नेतील? मी म्हटलं, नेतीलही.

तो म्हणाला, मग मी न्हाई सांगत. पण तुमी परत तसं करू नका.

मी हो म्हटलं आणि आत गेलो, कारण सुभेदारानं पोरासमोर रडू नये. आत जमेना, म्हणून परत बाहेर आलो आणि त्याच्यासमोरच रडलो.

लोभ असावा, असं लिहायचा रिवाज आहे. या खेपेला मागतोय.
तुझे,
बाबा