देवाला जड जाणार नाही इतकं

शुक्रवार, २ जानेवारी

प्रिय धाकट्या,

नव्या वर्षाचा आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने इकडे सगळं ठीक, असं लिहायची आपल्या घरात पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

थंडी चांगलीच आहे. गॅलरीचं दार अजून अडतं. उद्या रंधा मारतो असं बाबा रोज म्हणतात आणि रोज खांद्याने ढकलतात. माझा केक फुगला, पण मधोमध बसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चव छान आहे हो," म्हणजे काय ते तू समज. शाळेच्या बसला नवी सीटकव्हरं आलीत. बाबा चालवतात, मी पोरांना चढवते-उतरवते, तसंच चाललंय. सोमवारी शाळा उघडते.

काल उपासनेला गेलो. पहिलं वाचन नेहमीप्रमाणे बाबांचं. पाळकसाहेबांनी यंदा स्तोत्र बदललं होतं, सगळ्यांना तसं सांगितलंही, पानात रिबीन घालून ठेवली होती. बाबांनी चष्मा पुसला, पानावर बोट ठेवलं आणि दरवर्षीचंच स्तोत्र म्हणाले. कुठेही न अडखळता, शेवटपर्यंत. मंडळीत खसखस पिकली. सवय, दुसरं काय! मीही हसले. पण मी पहिल्या बाकावर होते रे. त्यांचं बोट ठेवलं तिथेच होतं. शेवटपर्यंत ते हललंच नाही.

आता खरं लिहिते. गेले काही महिने बाबा चौकात विचारतात, "सिग्नल सुटला का गं?" मला वाटायचं, गंमत करतात. मी मागून ओरडते, "सुटला, साहेब!" माझ्यामागून पोरंही ओरडतात. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी एक बाई लेकराचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मी किंचाळले, तेव्हा ब्रेक लागला. बाबा म्हणाले, "तू आहेस ना." मी त्यावरही हसले.

काल घरी आल्या आल्या खिळ्यावरची बसची किल्ली काढून मी पिठाच्या डब्यात लपवली. त्यांना काय सांगू?

रविवार, दुपार

पत्र अर्धवट ठेवलं होतं. काल दिवसभर बाबा भिंतीवर हात फिरवत किल्ली शोधत होते. मला विचारलं नाही, मीही बोलले नाही. आज उपासनेहून आलो आणि टेबलाशी बसल्यावर त्यांनीच विचारलं, "किल्ली तूच घेतलीस ना?"

"डोळ्यांचं कधीपासून आहे, बाबा?"

"काचबिंदू आहे. उजवा गेल्यात जमा. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. डाव्याने दिसतं थोडं. निवृत्तीला एकच वर्ष उरलंय, निभेल. आपण धीर धरायचा, देव आजवर सांभाळत आलाय."

माझं डोकं फिरलं. "देव सांभाळतो म्हणून पोरांना आंधळेपणाने न्यायचं? हा धीर नाही बाबा, हट्ट आहे!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. आता टेबलावर मूठ आपटणार, असं वाटलं. आपटली नाही. टेबलावरचे पोळीचे कण बोटाने गोळा करत राहिले, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आईचा नियम आठवतो ना? नव्या वर्षाला देवाकडे एकच मागायचं, आणि त्याला जड जाणार नाही इतकं लहान. एकदा तिने शेजारच्या काकूंचा खोकला थांबावा म्हणून मागितलं होतं, मधली भिंत पातळ म्हणून! मी विचारलं, "यंदा तुम्ही काय मागितलंत?"

ते म्हणाले, "माझ्या बसमधल्या एकाही पोराला खरचटू नये."

"मग त्याने ऐकलंय, बाबा."

मी उठून किल्ली पिठातून काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या मुठीत दिली. म्हटलं, आता तुम्ही ठरवा. ते ती चाचपत बसले. नाही म्हणाले असते, तर उद्या मला शाळेत जाऊन बापाची तक्रार करावी लागली असती. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "घे. मुख्याध्यापकबाईंना तूच सांग. मला जमायचं नाही."

हात माझ्याकडे नव्हता, धाकट्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे होता. तुझ्या. मी तुझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि किल्ली घेतली. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

उद्या बसवर दुसरा ड्रायव्हर असेल. बस आपल्या दारावरूनच जाते. बाबा घरात एकटे बसून तो हॉर्न ऐकतील. हे पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटलेला असेल, पण बस रोजच जाते. आईच्या दफनाला तू प्रार्थनेसाठी उभा राहिला नाहीस, त्या दिवसापासून तुझं नि बाबांचं बोलणं तुटलं. मी त्यात कधी पडले नाही, आजही पडत नाही. आताही उभा राहू नकोस हवं तर.

मी यंदा काय मागितलं, ते तुला कळलं असेलच. फार मोठं नाही. एका सकाळपुरता येऊन नुसता खुर्चीत बस.

तुझी वाट पाहायला न कंटाळणारी,
ताई