मधल्या पट्ट्यातलं घर

॥ श्री ॥
बारामती, ६ एप्रिल २०२५

चि. जोतीराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि ओट्यावर एका बाजूला थोरले आबासाहेब, दुसऱ्या बाजूला धाकटा अविराज. मला माझ्या तीन भावांपैकी मधल्याशी बोलायचं असतं, ग्रामसभेशी नाही.

स्वरूपा मजेत आहे. आईविना पोर म्हणून तू तिला माझ्याकडे शिकायला ठेवलीस, आता तीच मला शिकवते. वर्गात मी मधे असण्याची इंग्रजी विशेषणं घेतली आणि प्रत्येकावर घरातलं एकेक वाक्य लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी टेबल, खांब, चुलतभाऊ असं काहीबाही लिहिलं. तुझ्या लेकीनं सगळी वाक्यं तुझ्यावरच खर्ची घातली. माझे वडील सेंट्रल आहेत, कारण त्यांचा पट्टा दोन काकांच्या मधे आहे. माझे वडील न्यूट्रल आहेत, कारण मोठ्या काकांनी ट्रॅक्टर वळवायला त्यांची जमीन घेतली की ते धाकट्या काकांनाही तेवढीच देतात. व्याकरण बिनचूक होतं. मी पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. हे खरं आहे का रे?

सविस्तर लिही. लोभ आहेच, तोही दोघांना सारखा वाटून टाकू नकोस.
तुझी
राजेश्वरीताई

॥ श्री ॥
कळंब, १३ एप्रिल २०२५

ती. ताईस, जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

हितं सगळं झकास हाय. पोरीनं लिवलं ते खरं हाय, पर त्यात पत्र लिवन्यासारखं काय न्हाय. आबासाहेबांनी नांगरताना माझा बांध दोन तास, म्हंजी नांगराच्या दोन रेघा, आत घेतला. मी घेऊ दिला. पर अविराजला वाटायचं, थोरल्याचं लाड चाललंत. म्हनून मीच त्याच्याकडं गेलो आन् सांगितलं, तूबी दोन तास घे. आसं चार-पाच सालं चाललं. आता दोनी बांध घराच्या भितीला लागलेत. अंगान झाडायचं काम कमी झालं, त्येवढीच सोय.

औंदा आबासाहेबांनी भितीपल्याड शेततळं खांदायला काढलंय. मशीन आलं तसा अविराज फुगून बसला. त्यालाबी म्हनालो, तुझ्या बाजूला तूबी खांद, तेवढंच खोल. आता घर मधी आन् दोनीकडं खड्डं. वरनं बघितलं तर झ्याक दिसतं.

तू हासशील. पर ताई, दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत, तरी चहाला माझ्याच वट्यावर येत्यात. तात्या जमिनीचं तीन वाटं करून गेलं, जाताना मला म्हनालं व्हतं, तू मधी ऱ्हा, मग ह्यांची डोकी फुटायची न्हाईत. तेवढं एकच काम त्यांनी मला दिलं. ते मी करतोय.

स्वरूपीला सांग, आंबं पाडाला लागलेत. दोनी घरचं सारखंच पाठवीन.
तुझा
जोतीराम

॥ श्री ॥
बारामती, २० एप्रिल २०२५

चि. जोतीराम यास आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

तात्यांनी तुला दोघांच्या मधे राहायला सांगितलं होतं, दोन तळ्यांच्या नाही. आपलं घर मातीच्या भिंतीचं. दोन्हीकडची माती काढून घेतल्यावर ते कशावर उभं आहे, याचा विचार तुम्हा तिघांपैकी एकानं तरी केला का? तळ्यांत प्लास्टिकचा कागद टाकलाय का, तेवढं आधी कळव. नसेल, तर पाणी झिरपून कुठे जाईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

स्वरूपानं कालच मीडियनवर, म्हणजे ओळीतल्या मधल्या आकड्यावर, वाक्य केलं. कडेचे कितीही लांब सरकले तरी माझे वडील जागचे हलत नाहीत, असं. तिला त्याचा अभिमान वाटतो. मी मात्र त्या वाक्याला मार्क दिले नाहीत. अरे, तू हल. सामान बांध आणि इकडे ये. माझ्याकडे खोली रिकामी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुसते शेजारी आहेत, भाऊ नाहीत.

उत्तर लगेच टाक. माया असेल तर पायांत आण.
ताई

॥ श्री ॥
कळंब, ४ मे २०२५

ती. ताईस सा. न.

कागद आजून टाकला न्हाय. आबासाहेब म्हनत्यात, आधी अविराजनं टाकावा. तो म्हनतो, आधी थोरल्यानं.

भितीला चीर गेलीय, खोटं कशाला बोलू? पर तिच्यापायी एक चांगलं झालं. चीर बघायला दोघं पहिल्यांदाच संगं आले, एका बाजंवर बसले. आबासाहेब म्हनाले, पडलंच तर अविराजच्या तळ्यात पडंल. अविराज म्हनाला, न्हाय, तुमच्याच. मी म्हनालो, चीर मधोमध हाय, भांडू नका. दोघंबी हासले. लई दिसांनी हासले.

दोघंबी झोपायला बोलावत्यात. पर एकाकडं गेलो तर दुसरा काय म्हनंल? बारामतीला आलो तर पान्यावरनं कुऱ्हाडी निघतील. कालव्याचं पानी वाटनारा पाटकरी आधी आबासाहेबांच्या तळ्यात पानी सोडनार व्हता. मी त्याच्या हातापाया पडलो आन् दोघांचं एकाच दिवशी करून घेतलं. बुधवारी दोनी तळी एकदम भरायची. आता कुनाची कुरकुर न्हाय.

खाट मधल्या खोलीत घेतलीय. काळजी करू नको. दोनीकडं सारखीच माया ठिव.
जोतीराम

॥ श्री ॥
बारामती, ८ मे २०२५

चि. जोतीराम,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. बुधवार काल झाला.

तुझा फोन लागतच नाही. आज तो स्पीकरवर असता तर मी ग्रामसभेचेही पाय धरले असते. आबासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, काल सांजेपासून दिसला नाही, अविराजकडे झोपायला गेला असेल. अविराजला केला. तो म्हणाला, आबासाहेबांकडे असेल. मी दोघांनाही विचारलं, एकमेकांना विचारलंत का.

मग विचारलं, तुमच्या ओट्यावरून घर दिसतंय का. तर दोघांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, एकच उत्तर दिलं. म्हणाले, मधे नुसतं पाणी आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. स्वरूपा दप्तर घेऊनच दारात उभी आहे. आम्ही मिळेल त्या गाडीनं निघतोय. हे पत्र वाचून घ्यायला बांधावर ये. कुठल्याही बाजूच्या.

तुझी
ताई