वहिनीच्या गुडघ्यांपुरती ऊब

ता. ६ जानेवारी

चि. चिमणीस आत्याचे अ. उ. आ.

वहिनीचे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला गेला का? छोटीला दात आले का? आणि त्या गारठलेल्या गाडीची तब्येत काय म्हणते?

गाडीत ऊब नाही, वहिनीचे गुडघे आखडले, म्हणून निम्म्या घाटातून परत फिरलात, हे तुझ्या पत्रातून कळलं. इकडे मी चहाचं आधण ठेवून बसले होते. दादा गेल्यापासून वहिनीची आणि माझी भेट नाही गं.

जावईबापू म्हणतात हीटरच गेला. म्हणू देत, पण इतक्यात डॅशबोर्ड खोलू देऊ नकोस. टॅक्सी चालवता चालवता गाड्यांची दुखणी मला थोडी कळायला लागली. सकाळी इंजिन गार असताना कूलंटचं पाणी खुणेपर्यंत आहे का बघ. मग गाडी चालू करून रेडिएटरला वरून जाणारी जाड नळी चाचप. गळ्यातला मफलर पंख्यापासून लांब ठेव! काही वेळ ती नळी गारच राहायला हवी. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा कुठे जातो, तेही कळव.

तुझी आत्या

ता. १४ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

खोकला गेला, दात आले, गुडघे तसेच. कूलंट पुरेसं आहे. नळी मात्र गाडी चालू केल्या केल्या कोमट व्हायला लागली. चौकात थांबलं की काटा वर येतो, मोकळ्या रस्त्यावर पडतो. हे म्हणतात, काटाही आत्यांसारखाच, एका जागी बसेल तर शपथ!

आई रोज शाल घेऊन उभ्या गाडीत जाऊन बसते. काल म्हणाली, आत्याला लिही, ऊब नसली तरी चालेल, पण आता गाडी मागे वळवायची नाही.

माया असू दे.

तुझी चिमणी

ता. २१ जानेवारी

चि. चिमणीस अ. उ. आ.

थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन तापेपर्यंत हे झाकण बंद राहायला हवं. तुमचं सताड उघडं, म्हणून पाणी सारखं रेडिएटरात जाऊन गार होतंय. हीटर बिचारा काय करणार! नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसकट बसवून घ्या, आणि कूलंट भरताना आतली हवा काढायला सांग.

वहिनीला म्हणावं, हट्ट पुरे. ती गाडी शिकली तेव्हा मागून ढकलायला मीच होते. अजून थोडी कळ काढीन. फार मात्र नाही. खिडकीत दोन खुर्च्या मांडल्यात. तिच्या खुर्चीवर मांजरालासुद्धा बसू देत नाही.

उत्तर लगेच लिही. पण टपालात टाकू नकोस, वहिनीच्या हाती दे.

तुझी आत्या