धाकटी टीव्हीवर रडली

सोमवार, ९ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू 'बरं आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. शनिवारी नाचाच्या स्पर्धेत एका पोरीने आईवरचा नाच केला आणि पडद्यावर प्रेक्षकांत एकदम तुझं तोंड, डोळ्यांना धारा! इथे त्यावरून तट पडलेत. हे म्हणाले, सगळा बनाव. तिथे परीक्षकांचे हुंदकेसुद्धा आधी ठरलेले असतात. जाऊबाई म्हणाल्या, नाचच तसा होता, त्यांनाही भरून आलं. शेजारच्या शिंपीणबाईंना फक्त झग्याची शिवण कच्ची दिसली.

मला यातलं काहीच पटत नाही. वडील गेले तेव्हा तू पदर दातांत धरून रडली होतीस, आवाज न करता. शनिवारी तशीच रडत होतीस. यजमानांशी काही बिनसलंय का? खरं ते लिही.

देव तुला सांभाळो. माझा लोभ तुला मागावा लागत नाही.
तुझी ताई

शुक्रवार, १३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणजे राईचा पर्वत करतेस! मजा म्हणून गेलो होतो. हेही आले होते, माझ्या शेजारीच बसले होते. तिथे एक मुलगी खूण करते, तसं टाळ्या वाजवायच्या, तोंडाचा आ करायचा, रडायचं. सगळ्याच रडल्या, मीही रडले. भाऊजींना सांग, त्यांचंच खरं. नाच मात्र सुरेख झाला हो, ते खोटं नाही.

ह्यांचा तुम्हां दोघांना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

सोमवार, १६ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण परवा त्याच वाहिनीवर कपड्यांची स्पर्धा होती. एक पोरगी डोक्यावर पिसांचा डोलारा घेऊन चालत आली आणि पुन्हा तुझं तेच रडणं, तेच पातळ, तोच पदर दातांत; नाचाच्या वेळचंच चित्र इथे चिकटवलेलं! घरभर हशा. जाऊबाई म्हणाल्या, टोपी काही रडण्याइतकी वाईट नव्हती.

मी हसले नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते, मी तुझ्या दोन्ही बाजूंना बघितलं. इकडे चष्म्यातली बाई, तिकडे कॉलेजातली पोर. यजमान कुठे होते गं? आणि खुणेवर रडणाऱ्या बायकांचा एक डोळा खुणेकडे असतो; तुझी मान खाली होती. देवापुढे बसते, पण जपात लक्ष लागत नाही. मी रागावणार नाही. लिही.

तुझी ताई

शुक्रवार, २० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे एप्रिलमध्येच घर सोडून गेले. भांडण नाही, आदळआपट नाही. बॅग भरली आणि बदली झाली म्हणाले. कारखान्यात विचारलं तर बदली नाहीच. त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे, हे मला लोकांकडून कळलं. घर खायला उठतं, म्हणून मी त्या कार्यक्रमांच्या खुर्च्यांवर जाऊन बसते. तिथे दिवे असतात, माणसं असतात. रडायची खूण झाली तेव्हा पाणी यावं म्हणून डोळ्यांखाली लावायला बामची डबी फिरली. मी ती तशीच पुढे दिली. नंतर ती मुलगी म्हणाली, काकू काय छान करता, पुढच्या वेळीही या.

आता ह्यांचा निरोप आलाय. २९ तारखेला, रविवारी सामान न्यायला येणार; कपाट, आणि माझं शिवणयंत्रसुद्धा. समोर उभं राहायचं बळ नाही, ताई. भाऊजींना सांगू नकोस.

तुझी धाकटी

मंगळवार, २४ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू नको म्हणालीस तरी मी यांना सांगितलं. हे चालू कार्यक्रम बंद करून स्वतःच तिकिटं काढायला गेले. जाऊबाईंनी विचारलं, धाकटीला खरंच काही झालंय, की तेही पडद्यावरचंच? त्यांना काय वाटायचं ते वाटो.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं पोचतो. यंत्र तुला वडिलांनी दिलेलं आहे, ते जागचं हलणार नाही. बाकीचं काय द्यायचं, काय नाही, ते तू सांगशील तसं. लोभ बरोबर घेऊनच येते.

रविवारी दार वाजलं की तू आत बस. दार मी उघडीन.

तुझी ताई